अकराव्या मजल्यावरचा वारा

यशोदाबाईंचं लुगडं उडालं ते भर दुपारी, आणि ते नऊवारी असल्यामुळे उडायला बराच वेळ लागला.

आधी नुसता एक काठ सुटला. तो बाल्कनीच्या कठड्यावरून सावकाश बाहेर डोकावला, जणू खालचा रस्ता मोकळा आहे का बघतोय. मग वारा आत शिरला आणि लुगडं असं काही फुगलं की मोशीच्या आभाळात एक हिरवं शीड उभं राहिलं. समोरच्या इमारतीतली माणसं बाल्कनीत आली. कुणी मोबाइल काढला. लुगडं पार्किंगवरून गेलं, कंपाउंडची भिंत ओलांडली आणि पलीकडे छबूबाई नावाच्या म्हातारीच्या शेतात, घासाच्या वाफ्याशी बांधलेल्या म्हशीवर अलगद उतरलं. म्हैस क्षणभर स्तब्ध राहिली. मग डोक्यावरून पदर घेतलेल्या थोरल्या सुनेसारखी तिने मान हलवली आणि पुन्हा चरायला लागली.

"माय, लुगडं!" सुट्टी म्हणून घरी असलेला सुजित ओरडला.

"दिसायलंय मला," यशोदाबाई म्हणाल्या, आणि पायात चपला सरकवून लिफ्टकडे निघाल्या.

त्या परत आल्या तेव्हा उन्हं उतरली होती. एका हातात लुगडं, दुसऱ्या हातात मेथीची जुडी.

"इतका वेळ? एका लुगड्याला?"

"म्हैस सोडीना."

गावाकडचं घर बंद करून यशोदाबाई परभणीकडून मुलाकडे आल्या त्याला वर्ष होत आलं होतं. सुजित चाकणच्या एका कंपनीत होता आणि त्याची बायको स्वरूपा पिंपरीच्या एका पतसंस्थेत. दोघं सकाळी बाहेर पडली की संध्याकाळपर्यंत अकराव्या मजल्यावर यशोदाबाई, टीव्ही आणि वारा अशी तिघंच असत. "रस्त्यावर डंपर फार आहेत माय, उगाच खाली जाऊ नकोस," असं सुजितने त्यांना आल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, आणि आपण आईची फार काळजी घेतो असं त्याला प्रामाणिकपणे वाटत होतं.

लुगड्याचा प्रकार सुजितच्या मनाला लागला. दुसऱ्या कुणाचं उडालं असतं तर गोष्ट वेगळी. पण सुजितच्या कंपनीत गाड्यांचे बाहेरचे आरसे बनत आणि त्यांना वारा किती अडतो, हे बघणाऱ्या विभागात तो नोकरीला होता. आरशाच्या कडेला जराशी गोलाई दिली की वारा शहाण्यासारखा बाजूने निघून जातो. नाही दिली तर तोच वारा आरसा धरून बसतो, गाडी मागे ओढतो आणि वर शिट्ट्या मारतो. हे ज्ञान सुजित लग्नकार्यात, पंक्तीतसुद्धा वाटत असे. अशा माणसाच्या घरातून भरदिवसा नऊ वार कापड निघून जावं, ही नामुष्कीच होती.

"त्याचं काय आहे," रात्री जेवताना त्याने समजावलं, "गाडी धावली काय आणि वारा धावला काय, हिशोब एकच. गाडी पळते तेव्हा हवा उभी असते. आपल्याकडे बिल्डिंग उभी आहे आणि हवा पळते. म्हणजे एका अर्थी आपण सतत प्रवासात आहोत."

"मग पेट्रोलचा खर्च तरी वाचतोय," स्वरूपा म्हणाली. "अहो, चिमटे आणा दोन डझन."

चिमटे आले. साधे नव्हे, स्टीलच्या स्प्रिंगचे. सुजितने स्वतः प्रत्येक कपड्याला चिमटे लावून दाखवले, कुठल्या कोपऱ्यात किती, ते सांगितलं, आणि निर्धास्त मनाने कंपनीच्या बसमध्ये चढला. संध्याकाळी परत आला तर स्वरूपाची ओढणी उडालेली. यशोदाबाई ती घेऊन नुकत्याच वर आल्या होत्या, सोबत कांद्याची पात. दोन दिवसांनी उशीचा अभ्रा गेला. मग सुजितचा बनियन. मग टॉवेल. दर वेळी यशोदाबाई जात, छबूबाईंच्या शेतातून कपडा आणत, आणि कपड्याबरोबर कधी शेवग्याच्या शेंगा, कधी मूठभर हिरवे हरभरे.

सुजितला कोड्यात टाकणारी गोष्ट वेगळीच होती. कपडे उडत, पण चिमटे उडत नसत. ते सगळेच्या सगळे टोपलीत नीट जमा असत. त्याने काही चिमटे खिशात घालून कंपनीत नेले आणि जेवणाच्या सुट्टीत ताण मोजायच्या यंत्रावर लावले. एकही नापास झाला नाही. एक चिमटा तर इतका ताठ निघाला की साहेबांनी तो कागद लावायला ठेवून घेतला.

"म्हणजे वारा आधी चिमटा उघडतो," सुजित घरी येऊन गंभीरपणे म्हणाला. "झटक्यांनी. एका ठरावीक लयीत आला तर हे शक्य आहे."

"आणि मग टोपलीत ठेवतो?" स्वरूपाने विचारलं.

यशोदाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

एव्हाना सोसायटीत बातमी पसरली होती आणि सल्ले यायला लागले होते. दहाव्या मजल्यावरच्या जयमालाबाई म्हणाल्या, "आम्ही बाई खोलीतच वाळवतो. थोडा वास येतो, पण घरातली इज्जत घरात राहते." वॉचमन भैरू म्हणाला, "साहेब, कपडे वल्लेच घाला. वल्लं कापड जड असतंय." हा सल्ला शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होता, म्हणूनच सुजितला तो आवडला नाही. एक जण म्हणाला की फ्लॅटची दिशाच चुकली आहे, आणि दिशा बदलायचा उपाय म्हणून त्याने तांब्याचं कासव सुचवलं.

सुजितने कासव आणलं नाही. त्याने विटा आणल्या. कपडे वाळवायच्या स्टँडचे चारही पाय विटांनी दाबून टाकले, वर ओली चादर पसरली आणि लांब उभा राहून वाऱ्याकडे बघत राहिला. वाऱ्याने आव्हान स्वीकारलं. चादर पोटुशी झाली, स्टँड दोनदा कण्हला आणि विटांसकट बाल्कनी ओलांडून हॉलच्या काचेच्या दारावर जाऊन आदळला. काचेला वरपासून खालपर्यंत तडा गेला.

"कपडे गेले तर छबूबाईंकडून परत येतात," स्वरूपा तड्याकडे बघत म्हणाली. "काच कोण आणून देणार?"

आता मात्र प्रश्न कपड्यांचा राहिला नव्हता. इरेला पेटलेला सुजित गुरुवारी, म्हणजे कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी, चिखलीला गेला आणि एका भंगारवाल्याकडून जाडजूड फ्लेक्स घेऊन आला. विचार सरळ होता. वारा आत आलाच नाही तर कपडे उडतीलच कसे? फ्लेक्सच्या एका बाजूला कुणा भाऊंच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा छापलेल्या होत्या. ती बाजू त्याने आत केली, पांढरी बाजू बाहेर, आणि कठड्यापासून छताच्या हुकापर्यंत फ्लेक्स ताणून बांधला. बाल्कनीत भाऊंचे हात जोडलेले होते, भाऊंच्या पाच बोटांत पाच अंगठ्या होत्या, आणि त्यांच्या साक्षीने परकर, बनियन, टॉवेल सगळं निश्चल लटकत होतं.

"पाहिलंस माय?" सुजित म्हणाला.

"अंधार झालाय बाबा घरात," यशोदाबाई म्हणाल्या.

दुपारी वारा आला. जाळीदार कपड्यातून वारा निघून जातो, पातळ कपड्याला तो उडवून नेतो. पण हातपाय बांधलेला, कुठेही भोक नसलेला फ्लेक्स समोर उभा केला तर वाऱ्यापुढे दुसरा मार्गच राहत नाही. तो ढकलत राहतो. आधी फ्लेक्स ढोलासारखा घुमायला लागला. मग खालच्या दोन्ही दोऱ्या एकदम तुटल्या, फ्लेक्स बाहेर फेकला गेला, उलटा झाला आणि वरच्या दोऱ्यांवर लोंबकळत इमारतीच्या दर्शनी भागावर भाऊ प्रकट झाले. त्यांचं कपाळ अकराव्या मजल्यावर होतं आणि जोडलेले हात दहाव्यावर. जयमालाबाई तुळशीला पाणी घालत होत्या. अंगठ्यांनी भरलेले दोन प्रचंड हात वरून आपल्याकडे येताना बघून त्यांनी जो आवाज काढला, तो मोशीच्या चौकापर्यंत गेला असं भैरू अजून सांगतो.

संध्याकाळी भाऊंची पोरं बुलेटवरून आली. शाल, श्रीफळ आणि पेढे घेऊन. "निवडणूक लांब असताना एवढं प्रेम कोण करतं, दादा?" म्हणत त्यांनी सुजितला शाल पांघरली, फोटो काढला आणि पुढच्या वेळी याहून मोठा फ्लेक्स फुकट द्यायचं कबूल केलं. ती गेली आणि बी विंगमधली दुसऱ्या भाऊंची माणसं आली. त्यांना त्याच उंचीवर, तेवढीच जागा हवी होती. सुजित शाल पांघरूनच त्यांच्याशी बोलला, कारण घाबरल्यामुळे ती काढायचं त्याला सुचलंच नाही.

त्यामुळे प्रकरण सेक्रेटरींकडे गेलं. सोसायटीचे सेक्रेटरी दादासाहेब पहिल्या मजल्यावर राहत. त्यांच्या बोलण्यात 'एलिव्हेशन', म्हणजे इमारतीचं दर्शनी रूप, हा शब्द वारंवार येई आणि तो उच्चारताना त्यांचा हात नकळत छातीवर जाई.

"इमारतीचं एलिव्हेशन बिघडवता येणार नाही," ते म्हणाले.

"मग जाळी लावू द्या," सुजित म्हणाला. "बारीक नायलॉनची. लांबून दिसतही नाही."

"कशासाठी?"

"वाऱ्यासाठी."

"कुठला वारा?" दादासाहेबांनी आपल्या खिडकीकडे बोट दाखवलं. पडदा हलत नव्हता. "मी इथे पाच वर्षं राहतो. मला तर कधी झुळूक लागली नाही. वारा आहे असा लेखी अर्ज द्या. कमिटी पाहणी करेल."

सुजितने अर्ज लिहिला. वारा आहे. तो पश्चिमेकडून येतो. तो आमचा नाही. दादासाहेबांनी तो फाइलला लावला आणि रविवारी, हातात फाइल घेऊन, पाहणीसाठी ते अकराव्या मजल्यावर आले. बाल्कनीत पाऊल ठेवून त्यांनी फाइल उघडली, "वारा म्हणजे नक्की..." एवढं म्हणाले, आणि अर्ज गेला. त्याच्यामागून मागच्या सभेचं इतिवृत्त गेलं. त्याच्यामागून दादासाहेबांच्या टकलावर नीट विंचरून बसवलेले सगळे केस एका बाजूने उभे राहिले आणि झेंड्यासारखे फडफडायला लागले.

"मी जाते!" यशोदाबाई म्हणाल्या. इतक्या उत्साहाने म्हणाल्या की स्वरूपाने वळून त्यांच्याकडे पाहिलं.

दीड तासाने त्या पालकाची जुडी घेऊन आल्या. इतिवृत्त सापडलं होतं. अर्ज म्हशीने खाल्ला होता.

"म्हणजे निकाली निघाला," केस दाबून धरत दादासाहेब म्हणाले. "लावा जाळी."

जाळी लागली. नायलॉनची, दोन बोटं जातील एवढ्या भोकांची. बाल्कनी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बंद. वारा यायचा, जाळीला नुसता स्पर्श करून आत शिरायचा, कपडे हलवायचा आणि निघून जायचा. एक धागा बाहेर गेला नाही. सुजितने शेजारपाजारच्यांना बोलावून दाखवलं. "वाऱ्याशी भांडायचं नसतं," तो म्हणाला. "त्याला वाट द्यायची असते. फक्त आपली वस्तू त्याच्याबरोबर जाऊ द्यायची नाही." जयमालाबाईंनीसुद्धा, एकंदरीत, मान डोलावली.

एक आठवडा गेला. दुसराही गेला. घरात मेथी विकतची यायला लागली.

यशोदाबाई बोलेनाशा झाल्या. आधीही त्या फार बोलत नसत, पण आता टीव्ही चालू असायचा आणि त्यांची नजर दुसरीकडेच असायची. ताटात अर्धी भाकरी उरायची. गुडघे दुखतात म्हणाल्या, तेव्हा सुजितने तेल आणलं. कोंडल्यासारखं होतं म्हणाल्या, तेव्हा जाळीने हवा अडते की काय म्हणून त्याने कागदाची पट्टी लटकवून हवा तपासली. हवा येत होती. तरीही त्याने कूलर आणला. यशोदाबाई कूलरकडे तोंड करून, पदर कानावर घेऊन बसून राहिल्या.

एका सकाळी कामावर जाताना भैरूने त्याला फाटकात अडवलं. "साहेब, ती शेतातली आजी रोज विचारती. अकराव्यावरची लोकं गावाला गेली का म्हणून."

"भाजी खपत नसेल तिची," सुजित म्हणाला आणि बस पकडायला धावला.

त्याच रात्री यशोदाबाईंनी ताट बाजूला सारलं. "सुजित, मला गावाकडं नेऊन घाल."

"गावाकडं कोण आहे माय? घराला कुलूप आहे."

"कुलूप उघडता येतंय."

स्वरूपाने सुजितकडे पाहिलं. सुजितने ताटाकडे. आपल्याकडून काय कमी पडलं, याचा त्याने मनातल्या मनात खूप शोध घेतला आणि त्याला एकच गोष्ट सापडली, ती म्हणजे कूलर छोटा पडला असावा. बापाच्या माघारी आईला आपण आणलं ते तिला एकटं वाटू नये म्हणून, आणि इथे येऊन तीच एका कुलपाची आठवण काढते, हे त्याला बोचत राहिलं.

दुसरा दिवस गुरुवार होता. स्वरूपा कामावर गेली होती. जेवण करून सुजित हॉलमध्ये आडवा झाला होता, तेवढ्यात बाल्कनीतून कसलेसे हुंकार ऐकू यायला लागले. कुणीतरी नेट लावून काहीतरी ढकलत असावं तसे. तो उठून दाराशी गेला.

यशोदाबाई जाळीला खेटून उभ्या होत्या. त्यांच्या हातात सुजितचा मोजा होता. त्यांनी त्याची घट्ट गुंडाळी केली होती आणि जाळीच्या एका भोकातून ती त्या अंगठ्याने बाहेर सारत होत्या. बराच वेळ लागला. शेवटी मोजा पलीकडे गेला. यशोदाबाईंनी लगबगीने खाली वाकून बघितलं. मोजा सरळ खाली जाऊन जयमालाबाईंच्या एसीच्या डब्यावर पडला होता.

"हात् मेल्या," यशोदाबाई मोज्याला म्हणाल्या.

"माय, काय करायलीस?" सुजित म्हणाला. घाबरला की त्याची भाषा आपोआप परभणीला जायची.

त्या दचकल्या. दुसरा मोजा पदराखाली गेला. "वाळत घालायले."

"जाळीच्या बाहेर?"

यशोदाबाई स्टुलावर बसल्या. "चिमटे मीच काढायची," त्या हळूच म्हणाल्या.

"कधी? सगळे?"

"लुगड्याचं सोडून. ते खरंच उडालं. बाकीचं..." त्यांनी हात हवेत उडवला. "ओढणी, टॉवेल, तुझं बनियन. कागद नाही हं. तो त्यांचा त्यांनीच सोडला."

सुजितच्या डोळ्यांपुढून ताण मोजायचं यंत्र, विटा, तडा गेलेली काच, भाऊंच्या अंगठ्या आणि अंगावरची शाल असं सगळं ओळीने गेलं. खरं तर त्याला राग यायला हवा होता. तो आलाही, पण आईचा चेहरा बघून दारातच थांबला.

"काहून पण, माय?"

"काम नसताना कुणाच्या दारात कसं जावं? तू म्हणलास, खाली जाऊ नको. बरोबर आहे, डंपर आहेत. पण कपडा पडला तं जावंच लागतंय ना? त्या दिवशी लुगडं आणायला गेले तं ती बाई म्हणली, बस. ती मेथी खुडायली, मी जुड्या बांधायले. तिचे लेक तिकडं बंगल्यात, सुना कामाला. वर ये म्हणलं तं लिफ्टला भेती. म्हणून मीच जायची. तिचंही कोणी नाही रे दिवसभर ऐकायला, एक म्हैस सोडली तं." यशोदाबाईंनी नाक पुसलं. "इथं सगळ्यांची मी आँटी झाले. आजी झाले. ती मला यशोदे म्हणती. तुझ्या बापाच्या माघारी मला कुणी नावानं हाक मारली नव्हती."

कूलर घरघरत होता. सुजितने जाऊन तो बंद केला. परत आला, आईच्या पदराखालचा मोजा काढून घेतला आणि गुंडाळी सोडवली.

"गुंडाळून टाकलास तर ते दगडासारखं सरळच पडणार," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा चिरकला होता, पण विषय त्याच्या आवडीचा असल्यामुळे तो सावरला. "वाऱ्याला धरायला जागा पाहिजे माय. जेवढं पसरट, तेवढा वारा त्याला जास्त वेळ वर धरतो, जास्त लांब नेतो. मोजा कामाचा नाही. शर्ट पाहिजे."

यशोदाबाई स्टुलावरून उठल्या.

सुजितने जाळीच्या कोपऱ्यातले हुक काढायला घेतले. एक, मग दुसरा, मग हात बाहेर जाईल एवढी फट झाली. तो कपाटातून एक जुना, कॉलर विरलेला शर्ट घेऊन आला.

"हा नको," यशोदाबाई म्हणाल्या. "हा उडाला तं तूच म्हणशील, जाऊ दे. ज्याच्यामागं जावं असा पाहिजे."

त्या स्वतः गेल्या आणि लग्नाच्या वाढदिवसाला स्वरूपाने घेतलेला निळा, कडक इस्त्रीचा शर्ट घेऊन आल्या. सुजितने त्याची कॉलर एकदा सरळ केली. मग एक बाही त्याने धरली, एक आईने, आणि दोघांनी मिळून तो शर्ट कठड्याबाहेर पसरून धरला.

वारा आला नाही.

महिनाभर ज्याने घरादाराला जेरीस आणलं होतं, तो वारा त्या दुपारी कुठे गेला कुणास ठाऊक. शर्ट सरळ खाली लोंबत राहिला. सुजितने बोट ओलं करून वर धरलं. यशोदाबाईंनी तोंडाने फुंकर मारली. खाली भिंतीपलीकडे छबूबाई वाफ्यात उभ्या राहिल्या होत्या आणि डोळ्यांवर आडवा हात धरून वर बघत होत्या. त्या हलल्या नाहीत आणि ही दोघंही हलली नाहीत. बाही धरून सुजितचा हात भरून आला.

"चल," तो शेवटी म्हणाला. "हातानंच नेऊ."

ती दोघं लिफ्टने खाली उतरली. फाटकाबाहेरच्या रस्त्यावर एक डंपर धुरळा उडवत गेला, तेव्हा सुजितने आईचा हात धरला आणि भिंतीला वळसा घालून शेतात पोचेपर्यंत सोडला नाही. छबूबाई बांधावर येऊन बसल्या होत्या. जवळून त्या वरून दिसायच्या त्याहून खूप लहान दिसत होत्या. त्यांनी सुजितकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या, इस्त्रीची रेघसुद्धा न मोडलेल्या शर्टाकडे पाहिलं.

"उडाला व्हय?" त्यांनी विचारलं.

"व्हय," सुजित म्हणाला. "वर फार वारा आहे."

घासाचं पान हलत नव्हतं. छबूबाईंनी शर्ट हातात घेतला, त्याला न लागलेली माती दोनदा नीट झटकली, घडी घातली आणि स्वतःच्या मांडीवर ठेवून घेतला. मग बांधावर जरा सरकून त्यांनी बाजूला जागा केली.

"बस गं यशोदे. किती दिस झालं, काय उडालंच न्हाई," त्या म्हणाल्या. आणि सुजितकडे वळून म्हणाल्या, "तुमी जावा आता वर. शर्ट घावायला येळ लागंल."